किल्लारी १९९३: बावन्न गावे हलवण्याच्या निर्णयाचा प्रकरण अभ्यास

मोठी आपत्ती कोसळल्यावर सरकारचे मोजमाप साधारणपणे पहिल्या आठवड्यावरून केले जाते: मदत किती वेळात पोहोचली, ढिगारे कधी उपसले, किती जीव वाचले. किल्लारीच्या भूकंपानंतर सर्वांत दूरगामी ठरलेला निर्णय मात्र बचावकार्याचा नव्हता. पडलेली गावे जागच्या जागी उभी करायची की दुसरीकडे वसवायची, हा तो निर्णय होता आणि त्याचे परिणाम तीस वर्षांनंतरही त्या गावांमधून चालताना दिसतात. या टिपणात त्याचाच मागोवा घेतला आहे. ज्या पुनर्वसित गावातील निरीक्षणे पुढे येतात, त्या गावाचे व तेथील माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जनाची मिरवणूक आटोपून गावे उशिरा झोपली होती. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६,००० जखमी झाली आणि १५,००० हून अधिक जनावरे दगावली. सर्वाधिक हानी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात झाली.

भूकंपाची तीव्रता सहा रिश्टरहून थोडीच अधिक होती. भूकंपाची सवय असलेल्या आणि तशी घरे बांधणाऱ्या देशांत एवढ्या धक्क्याने इतकी माणसे मरत नाहीत. म्हणून येथे माणसे कशाने मेली, हे नीट पाहणे आवश्यक आहे.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. भिंतीची जाडी दोन-अडीच फूट, काही वाड्यांमध्ये त्याहूनही जास्त. बाहेरून अखंड वाटणारी ही भिंत प्रत्यक्षात दोन पदरांची असते: दर्शनी दगडांचा एक पदर बाहेरून, दुसरा आतून आणि मधल्या पोकळीत मातीत कालवलेले बारीक दगड. दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक भिंतींत घातलेलाच नसे. पावसाचे पाणी मुरत गेले की मधली माती फुगते आणि भिंत पोट काढते. पोट काढलेली भिंत पाहूनही कोणाला धोका वाटत नसे, कारण घराचे छप्पर भिंतीवर नव्हे तर लाकडी खांब आणि तुळयांवर असे. छपरावर दर एक-दोन वर्षांनी पांढरी माती टाकण्याची पद्धत होती. पाणी गळू नये म्हणून घातलेले थर साठत साठत माळवदाचे वजन वाढत जाई. त्या पहाटे भिंतींचे पदर एकमेकांपासून सुटले आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. जेथे खांबही टिकले नाहीत तेथे वरची सगळी माती खाली बसली. पुष्कळ ठिकाणी माणसे दगडाच्या आघातापेक्षा मातीत गुदमरून गेली, असे ढिगारे उपसणारे सांगत.

दुसरी गोष्ट पूर्वसूचनेची. १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवत होते, आणि त्यांपैकी १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का बराच मोठा होता. काही कुटुंबे घराबाहेर झोपू लागली, निवेदने दिली गेली. पुढे धक्के ओसरले आणि लोक घरात परतले. भूकंपाच्या राष्ट्रीय नकाशावर हा भाग त्या वेळी विभाग १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. येथे मोठा भूकंप होईल असे शास्त्रज्ञांनाही वाटत नव्हते, त्यामुळे प्रशासनाला दोष देणे सोपे असले तरी पूर्ण न्याय्य नाही. मात्र भूकंपाचे भाकीत करता येत नसले, तरी पोट काढलेली भिंत डोळ्यांना दिसत होती. त्या वर्षभरात गावोगावी घरांची पाहणी करून निदान माळवदावरची माती कमी करायला सांगता आले असते. त्याला फारसा निधीही लागला नसता.

पहिले दिवस

१९९३ मध्ये देशात आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा नव्हता, राष्ट्रीय प्राधिकरण नव्हते आणि बचावकार्यासाठी खास प्रशिक्षित दलही नव्हते. नैसर्गिक आपत्ती म्हणजे मुख्यतः दुष्काळ आणि पूर, असा समज रूढ असल्याने केंद्रात हा विषय कृषी मंत्रालयाकडे होता. पैशांसाठी १९९० पासून आपत्ती निवारण निधीची सोय होती. त्यात तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा आणि एक चतुर्थांश राज्याचा असे. हा निधी तातडीच्या मदतीपुरता होता. हजारो घरे नव्याने बांधण्याचा विचार त्याच्या रचनेत नव्हता. प्रत्यक्ष भार जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि तलाठी या महसुली साखळीवर पडला, आणि ढिगारे उपसण्याचे काम लष्कर, पोलीस व स्वयंसेवकांनी केले.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी घटनास्थळी पोहोचले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना गावे नेमून देण्यात आली आणि निर्णय घेण्याचे अधिकार खाली देण्यात आले. मुंबईच्या मंजुरीची वाट पाहत कामे थांबली नाहीत, ही या प्रतिसादाची सर्वांत जमेची बाजू मानली पाहिजे. अडचणीही तितक्याच खऱ्या होत्या. लगेचच जोराचा पाऊस सुरू झाला, ढिगाऱ्यांचा चिखल झाला, आणि सामूहिक अंत्यसंस्कारांसाठी कोरडे लाकूड मिळेना. मदत घेऊन येणारी आणि नुसती पाहायला येणारी वाहने एकाच अरुंद रस्त्यावर अडकली. देशभरातून इतके जुने कपडे आले की त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. ज्यांच्या घरातले सगळे गेले होते अशा मुलांचा प्रश्न वेगळाच होता. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात नेले आणि त्यांची राहण्याची सोय केली. सरकारी यंत्रणेला ज्या बारकाईने करता आले नसते असे हे काम होते.

निर्णयाचा प्रश्न

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच प्रश्न बदलला. माणसे जगली होती, पण राहणार कोठे? रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती, बैल मेले होते, आणि बी-बियाणे बळदासकट, म्हणजे धान्याच्या कोठारासकट, ढिगाऱ्याखाली गेले होते. थंडी सुरू होण्याआधी निवारा हवा होता. तो पत्र्याच्या शेडच्या रूपाने उभा राहिला. मात्र उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याखाली लोक कायम राहू शकत नाहीत, हे सगळ्यांनाच कळत होते.

याच वेळी लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की होती: जुन्या गावात परत जायचे नाही. जेथे आई, मूल, भाऊ मातीखाली गेले त्या जागेवर पुन्हा चूल पेटवण्याची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती. जमिनीखाली अजून काहीतरी होणार, अशी भीती होती, आणि नंतरचे धक्के ती रोज ताजी करत होते. या प्रकरणाविषयी आज लिहिताना ही मनःस्थिती विसरली जाते आणि गावे सरकारने लोकांवर लादून हलवली असे सरसकट म्हटले जाते. ते खरे नाही. गाव हलवा ही मागणी लोकांचीच होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जागच्या जागी पुनर्बांधणीचा होता: ढिगारा उपसायचा, लोकांना पैसा आणि तांत्रिक मार्गदर्शन द्यायचे, आणि ज्याचे त्याने आपले घर भूकंपाला टिकेल असे बांधायचे. विहीर, देऊळ, शेताच्या वाटा, भावकीच्या गल्ल्या यांतले काही हलणार नव्हते, आणि खर्चही कमी होता. अडचण अशी की ढिगारा उपसायलाच कित्येक महिने लागणार होते, काही गावांखाली काळ्या मातीचा खोल थर होता, आणि दगडाच्या भिंतीवरचा लोकांचा विश्वास संपूर्ण उडाला होता.

दुसरा पर्याय नव्या जागेवर पूर्ण नवे गाव वसवण्याचा. त्यासाठी शेतजमीन संपादित करावी लागणार होती, रस्ते, पाणी, वीज, शाळा सगळे नव्याने करावे लागणार होते, आणि घरे ठेकेदार किंवा मदत करणाऱ्या संस्था बांधणार होत्या. लोकांची मागणी, देणगीदारांचा उत्साह आणि काहीतरी ठोस करून दाखवण्याची राजकीय गरज, हे तिन्ही याच पर्यायाकडे झुकत होते. एखाद्या संस्थेला एक अख्खे गाव दत्तक घेता येणे ही मोठीच सोय होती. विखुरलेल्या दोनशे घरांच्या दुरुस्तीला मदत करण्यात ती सोय नव्हती.

तिसरा पर्याय उभ्या राहिलेल्या, पण तडकलेल्या घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा. भिंतीला आरपार दगड घालायचे, छपराची माती उतरवायची, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे, भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतायचा. तंत्र सोपे होते आणि गावातल्या गवंड्याला शिकता येण्यासारखे होते.

निर्णय आणि अंमलबजावणी

सरकारने या तिन्हींची विभागणी गावांच्या वर्गवारीतून केली. जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे ‘अ’ वर्गात घेतली आणि त्यांचे स्थलांतर ठरले. त्यानंतरच्या ‘ब’ वर्गातील गावांत जागच्या जागी पुनर्बांधणी, आणि ‘क’ वर्गात, म्हणजे १३ जिल्ह्यांतील सुमारे २,५०० गावांत, दुरुस्ती व मजबुतीकरण असा आराखडा आखला गेला. शेवटच्या गटात सुमारे १ लाख ९० हजार घरे होती. एवढा खर्च राज्याच्या आवाक्यात नव्हता. केंद्र सरकारमार्फत जागतिक बँकेशी बोलणी झाली आणि २४.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. भूकंपानंतर काही महिन्यांतच हे घडले, ही केंद्राच्या अर्थ यंत्रणेची मोठी कामगिरी होती.

स्थलांतरित गावांत घराचा आकार जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असलेल्याला ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट. सातबारा हा हातात असलेला एकमेव पक्का कागद असल्याने प्रशासनाने तो आधार धरला, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे भूकंपाआधीची विषमता नव्या गावाच्या आखणीत उतरली. जेथे एका आकाराची घरे एकत्र बांधली गेली, तेथे नकाशा पाहूनच कोणाकडे किती जमीन आहे हे सांगता येते.

‘क’ वर्गातील काम वेगळ्या पद्धतीने चालले. घरमालकाला पैसे हप्त्याहप्त्याने मिळत, प्रत्येक टप्पा कनिष्ठ अभियंता तपासत असे, आणि गावात नमुन्याचे काम करून दाखवले जाई. १,००० हून अधिक गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहाय्यक’ नेमल्या गेल्या. कोणाचा हप्ता अडकला आहे, कोणाला योजना समजलेली नाही, कोठे सिमेंट कमी वापरले जात आहे, हे त्या घरोघरी जाऊन पाहत. त्या काळी ग्रामसभेतही बायका मागे बसत असताना, घर बांधणीच्या तांत्रिक कामात त्यांना अधिकृत जागा देणे हा धाडसाचा निर्णय होता.

काय घडले

१९९८ पर्यंत कार्यक्रमाचा बहुतेक भाग पूर्ण झाला. लाखांच्या संख्येने घरे उभी राहिली किंवा दुरुस्त झाली. भूकंपानंतरचे एवढ्या मोठ्या प्रमाणावरचे पुनर्वसन देशात त्याआधी झाले नव्हते. हे यश खरे आहे आणि ते मान्य करूनच पुढचे म्हणणे मांडत आहे.

मी पाहिलेल्या पुनर्वसित गावात रस्ते सरळ आणि रुंद आहेत. जुन्या गावठाणापेक्षा नवे गाव कितीतरी पसरलेले असल्याने म्हातारी माणसे दुपारी घराबाहेर पडत नाहीत, कारण ओळखीच्या घरापर्यंत सावलीच नाही. मूळ काँक्रीटची खोली प्रत्येक घरात शिल्लक आहे, पण राबता तिच्या पुढे आणि मागे वाढवलेल्या पत्र्याच्या पडवीत आहे. तेथेच चूल, तेथेच कडबा, तेथेच शेळी. एका घराच्या पुढच्या पडवीला जुन्या गावातून आणलेली सागवानी चौकट बसवली आहे, आणि तिच्या मापाचा दरवाजा नसल्याने तिला गोणपाटाचा पडदा आहे. घरातल्या आजींनी सांगितले की चौकट त्यांच्या सासऱ्यांच्या वाड्याची आहे. ढिगारा उपसताना ती अखंड निघाली, आणि नव्या घरात तिला जागा नव्हती म्हणून ती कित्येक वर्षे भिंतीला टेकवून ठेवली होती. “ढाळज नाही, तर चौकट तरी असू द्या,” एवढेच त्या म्हणाल्या.

ढाळजेचा मुद्दा भावनिक नाही. मराठवाड्यातल्या घरात ढाळज म्हणजे बाहेरचा माणूस जेथवर येतो ती जागा. बैठक तेथे होते, शेतमालाचा व्यवहार तेथे होतो, आणि आतल्या अंगणात घरातल्या बायकांचा वावर मोकळेपणाने चालतो. २५० चौरस फुटांच्या खोलीचे दार थेट रस्त्यावर उघडते. गोठा नाही, बळद नाही, उतरंडीला कोपरा नाही. हा आराखडा शेतकऱ्याला विचारून केलेला नव्हता. एका गावात तर मदत करणाऱ्या संस्थेने घुमटाच्या आकाराची घरे बांधली. भूकंपाला ती उत्तम टिकतील, पण गोल भिंतीला ना फडताळ लागते ना पेटी.

भावकी विखुरल्याचा परिणाम हळूहळू जाणवला. जुन्या गल्लीत ज्या चार घरांचे अंगण एक होते ती आता चार रस्त्यांवर गेली. लहान मुले सांभाळणे, आजाऱ्याला पाहणे, उसनवारी या गोष्टी जवळ असण्यावर चालतात.

‘क’ वर्गातही सगळे अपेक्षेप्रमाणे झाले नाही. बहुतेकांनी जुन्या भिंतीचे मजबुतीकरण केलेच नाही. मिळालेल्या पैशांत विटा-सिमेंटची एक वेगळी खोली बांधली आणि जुने घर शेजारी तसेच ठेवले. दगडाची भीती इतकी बसली होती की दगड नीट बांधला तर टिकतो, हे कोणाला पटवता आले नाही. तरीही या गावांत लोक आपल्या जागेवर राहिले, बांधकाम आपल्या डोळ्यांसमोर झाले, आणि खोली कोठे काढायची हे घरच्यांनी ठरवले. त्यामुळे त्या खोल्या वापरात आहेत.

या अनुभवाचा देशाच्या धोरणावर परिणाम झाला. महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करण्यास सुरुवात केली. १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ आणि २००१ चा कच्छचा भूकंप यांनंतर केंद्रालाही जुनी व्यवस्था पुरेशी नसल्याचे मान्य करावे लागले. कच्छनंतर नेमलेल्या राष्ट्रीय समितीचे उपाध्यक्षपद किल्लारीच्या वेळचे मुख्यमंत्री शरद पवार यांच्याकडे आले. आपत्तीचा विषय कृषी मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे गेला, २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि त्यापाठोपाठ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. कच्छमध्ये बहुतेक कुटुंबांनी जागच्या जागी, स्वतःच्या देखरेखीखाली घरे बांधली. लातूरच्या ‘क’ वर्गात जे शिकायला मिळाले तेच तेथे मुख्य धोरण झाले.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते चूक स्थलांतराला होकार देण्यात नव्हती, तर तो होकार फार लवकर आणि कायमचा देण्यात होती. पहिल्या काही आठवड्यांत शोकाने व्याकूळ झालेल्या माणसाला “परत जायचे का?” असे विचारले तर त्याचे उत्तर एकच असणार. सहा महिन्यांनी, पेरणी होऊन गेल्यावर, शेत आणि शेड यांमधली रोजची पायपीट अनुभवल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला असता तर काही गावांनी वेगळे उत्तर दिले असते. तोपर्यंत जागा संपादित झाल्या होत्या आणि दत्तक घेणाऱ्या संस्थांचे नकाशे तयार होते. दुसऱ्यांदा विचारण्याची सोय प्रक्रियेतच ठेवायला हवी होती. तात्पुरता निवारा जितका सुसह्य, तितका विचाराला वेळ मिळतो, म्हणून पत्र्याच्या शेडवर थोडा अधिक खर्च होणेही योग्य ठरले असते.

दुसरे म्हणजे स्थलांतर करायचेच होते तर आखणी गावाच्या नजरेतून व्हायला हवी होती. गल्ली हे एकक धरून आधी भावकी आणि शेजार यांची यादी, मग भूखंड, आणि घराचा आकार शेवटी ठरवता आला असता. २५० चौरस फूट बांधून द्यायचे असले तरी भोवतीची मोकळी जागा गोठ्याला आणि ढाळजेला पुरेल अशी ठेवता येते. संवाद सहाय्यक ‘क’ वर्गाऐवजी आधी ‘अ’ वर्गात, नकाशा काढण्याच्या वेळी असत्या, तर पडवी पत्र्याची करण्याची वेळ आली नसती.

तिसरा मुद्दा गवंड्यांचा आहे. भूकंपानंतर दगडकाम जाणणारे कारागीर बेकार झाले किंवा सिमेंटकामाला लागले. आरपार दगड घालून, माळवद हलके करून बांधलेले घर सुरक्षित असते, हे सिद्ध करणारी दोन-दोन घरे प्रत्येक गावात बांधून सरकारने त्यांत शाळा किंवा तलाठी कार्यालय भरवले असते, तर भीती कमी होण्यास मदत झाली असती. सरकार ज्या भिंतीत स्वतः बसत नाही त्या भिंतीवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

किल्लारीचा परिसर भूकंपाच्या २००२ च्या सुधारित नकाशात विभाग ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, घेण्यात आला. मराठवाड्याच्या बाकीच्या जिल्ह्यांत दगडमातीची घरे आजही मोठ्या संख्येने आहेत. २०२४ मध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा नांदेड आणि परभणीतही लोक घराबाहेर आले. १९९२ मध्ये किल्लारीत असेच घडले होते, आणि नंतर लोक त्याच भिंतींमध्ये झोपायला गेले होते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांकडे आता कायद्याचा आधार आहे, अधिकार आहेत आणि निधीही आहे. हिंगोली, नांदेड, परभणीतल्या गावांत पोट काढलेल्या भिंतींची आणि माळवदावरच्या मातीची घरनिहाय पाहणी पुढच्या पावसाळ्याआधी करता येईल. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक गावात भिंत ओळखणारा एक गवंडी आणि घरोघरी जाणारी एक संवाद सहाय्यक लागते.